नस, शीर आणि संगणकातली नर्व्ह

नागपूरच्या धंतोलीतल्या कोणत्याही तपासणी केंद्राबाहेर दहा मिनिटे बसले, की 'नस दबली आहे' हे वाक्य एकदा तरी कानावर पडते. कंबरेतून पायात उतरणारी कळ असो, रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या असोत किंवा मानेतून दंडाकडे जाणारी चमक असो, निदान आपण घरूनच करून आलेलो असतो. त्याच केंद्रात रक्त काढणारा तंत्रज्ञ 'नस सापडत नाहीये' असे म्हणतो, तेव्हा मात्र तो रक्तवाहिनीबद्दल, म्हणजे शिरेबद्दल बोलत असतो. शब्द एकच, पण त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत: एक रक्त वाहून नेणारी पोकळ नळी आणि दुसरी विजेचे संदेश वाहणारी भरीव दोरी. या दुसरीला शाळेच्या पुस्तकात चेता म्हणतात, वैद्यकावरच्या जुन्या मराठी लिखाणात मज्जातंतू म्हणतात, आणि डॉक्टर सरळ नर्व्ह म्हणतात. या लेखात मी नर्व्ह हाच शब्द वापरणार आहे. शब्दातला हा घोटाळा मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे माणूस आणि संगणक दोघेही नेमके याच जागी फसतात.

वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला एक प्रश्न नेहमी विचारला जातो, की एमआरआयमध्ये नर्व्ह दिसतेच, तर तिचे वेगळे मॉडेल करायची गरज काय? फिल्मवर दिसतात ते काप, म्हणजे शरीराचे एकामागून एक घेतलेले आडवे किंवा उभे छेद. त्यातून नर्व्ह कुठून निघाली, कुठे वळली, कुठे दबली हे अनुभवी डॉक्टर मनातल्या मनात जुळवून पाहतो. संगणकाला मनातले काही कळत नाही. त्याला नर्व्हचा मार्ग, प्रत्येक जागची जाडी, आतली रचना, शेजारी हाड आहे की चरबी, आणि यातल्या कोणत्या भागातून वीज किती सहज वाहते, हे सगळे आकड्यांत सांगावे लागते. असे आकड्यांत मांडलेले, फिरवून पाहता येणारे आणि ज्यावर गणित करता येते असे वर्णन म्हणजे डिजिटल मॉडेल. यातली मेख अशी, की नर्व्हविषयीची ही सगळी माहिती एकाच यंत्रातून मिळत नाही. म्हणून असे मॉडेल गोधडीसारखे असते: एक तुकडा एमआरआयचा, एक सोनोग्राफीचा, एक सूक्ष्मदर्शकाचा, आणि मधले टाके अंदाजाचे. मॉडेल पाहताना मी तरी आधी टाके कुठे आहेत ते शोधतो.

नर्व्हची अंतर्रचना समजून घ्यायला नागपूरकराला लांब जावे लागत नाही. एक संत्रे आडवे कापून पाहावे. बाहेरची साल आणि फाकांभोवतीचा पांढरा मऊ भाग म्हणजे एपिन्यूरियम, ज्यात चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या असतात. आत वेगवेगळ्या फाका असतात. नर्व्हमध्ये त्या म्हणजे तंतूंच्या जुड्या, ज्यांना डॉक्टर फॅसिकल म्हणतात. प्रत्येक फाकेवर पातळ पण चिवट पापुद्रा असतो. तो म्हणजे पेरिन्यूरियम. आणि फाकेतल्या रसाच्या बारीक लांबट पिशव्या म्हणजे प्रत्यक्ष संदेश वाहणारे तंतू. त्यांपैकी मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असलेले तंतू साधारण १ ते २० मायक्रोमीटर जाडीचे असतात, तर आवरण नसलेले त्याहून बारीक. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत जाणारा असा एक तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो आणि तरीही तो एकाच पेशीचा भाग असतो. १० मायक्रोमीटरचा हा तंतू बोटाएवढ्या, म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या दोरासारखा कल्पिला, तर त्या प्रमाणात त्याची लांबी एक किलोमीटर भरेल.

संत्र्याची उपमा एका ठिकाणी साफ तुटते, आणि तेच ठिकाण महत्त्वाचे आहे. संत्र्याची फाक देठापासून बुडापर्यंत एकटी राहते. नर्व्हमधल्या फाका वाटेत एकमेकींना मिळतात, फुटतात आणि पुन्हा मिळतात. ऑस्ट्रेलियाचे शरीररचनातज्ज्ञ सिडनी सन्डरलंड यांनी १९४५ मध्ये हातातल्या नर्व्हचे लागोपाठ काप घेऊन ही गुंतागुंत दाखवून दिली. काही मिलिमीटर पुढे सरकले, की जुड्यांची संख्या आणि मांडणी दोन्ही बदललेल्या दिसतात. म्हणून एका जागचा सुंदर, स्पष्ट काप मिळाला, तरी तोच नकाशा मनगटापासून कोपरापर्यंत ओढून चालत नाही. मॉडेल करणारे बरेचदा तसेच करतात, कारण प्रत्येक मिलिमीटरचा काप मिळणे अवघड असते. गोधडीतला हा पहिला टाका.

आता यंत्राकडे वळू. रुग्णालयातल्या एमआरआयचे चुंबक सहसा १.५ किंवा ३ टेस्ला शक्तीचे असते. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजार पटींहून जास्त. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापमान असताना त्या चुंबकाच्या पोटात द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशांवर असते, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही जरा अद्भुतच वाटते. हे यंत्र शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे संकेत टिपते. हायड्रोजन पाण्यात असतो तसाच चरबीतही असतो, आणि नर्व्ह बहुतेक ठिकाणी चरबीतच पहुडलेली असते. परिणामी साध्या प्रतिमेत उजळ चरबीच्या गर्दीत नर्व्ह हरवून जाते. म्हणून चरबीचा संकेत मुद्दाम दाबून टाकणाऱ्या पद्धती वापरतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या तत्त्वावर नर्व्ह ठळक दाखवणारी जी तपासणी विकसित झाली, तिला एमआर न्यूरोग्राफी म्हणतात. तीत नर्व्ह करड्या पार्श्वभूमीवर फिकट उजळ दोरीसारखी उठून दिसते, आणि सूज आलेली असेल तर अधिकच उजळ दिसते.

प्रतिमा ज्या बारीक चौकोनी ठोकळ्यांनी बनते, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. एका ठोकळ्यातल्या सगळ्या पदार्थांचा मिळून एकच आकडा नोंदला जातो. आडव्या छेदात अर्धा मिलिमीटर बाजूचा एक चौकोन घेतला, तरी तेवढ्या जागेत हजाराहून अधिक मायलिनयुक्त तंतू सहज मावतात. म्हणजे एमआरआयला तंतू दिसत नाहीत. दिसते ती दोरी, आणि फार तर काही जाड फाका. सोनोग्राफीचे जास्त वारंवारतेचे प्रोब, म्हणजे १५ ते १८ मेगाहर्ट्झचे, त्वचेलगतच्या नर्व्हमध्ये यापेक्षा बारीक तपशील दाखवतात. छेदात काळसर फाका आणि त्यांभोवतीच्या उजळ भिंती मधाच्या पोळ्यासारख्या दिसतात. पण ध्वनिलहरी हाडापलीकडे जात नाहीत आणि खोलवर गेल्या की धूसर होतात, त्यामुळे कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरणारी सायटिक नर्व्ह, जी शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह आहे, तिचा वरचा भाग या पोळ्याच्या स्पष्टतेने दिसत नाही. तंतू पाहायचे तर ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो, आणि ते जिवंत माणसात मनात येईल तेव्हा करता येत नाही.

प्रतिमा हाती आली, की पहिले काम असते सेगमेंटेशनचे. प्रत्येक कापात नर्व्हची कड नेमकी कुठे आहे ते आखायचे. ऐकायला हे चित्र रंगवण्यासारखे वाटते. दंडातली मीडियन नर्व्ह मी पहिल्यांदा आखली तो अनुभव सांगतो, म्हणजे त्यातली गोम कळेल. दंडात ही नर्व्ह मुख्य धमनीला चिकटून उतरते आणि त्या धमनीच्या दोन बाजूंना दोन शिरा तिची सोबत करतात. धमनीतले रक्त वेगाने निघून जाते, म्हणून ती या प्रतिमेत काळी दिसते. ती ओळखायला कष्ट पडत नाहीत. शिरेतले रक्त मात्र रेंगाळते, त्यामुळे शीरही नर्व्हसारखीच उजळ आणि गोल दिसते. मी काखेकडून कोपराकडे एकेक काप घेत निघालो होतो. माऊसने कड गिरवायची, पुढच्या कापावर जायचे, पुन्हा गिरवायची. विसाव्या कापाच्या आसपास धमनीने किंचित वळण घेतले आणि तीन उजळ ठिपके एकमेकांना खेटून आले. मी त्यांतला एक धरून पुढे गेलो. आठ काप झाल्यावर मागे उभ्या असलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी शांतपणे म्हटले, "सर, तुम्ही शिरेवर गेलात." मला पटेना. त्यांनी पुढचा काप उघडून बोट ठेवले. मी जिला नर्व्ह समजत होतो ती बाजूला वळून दुसऱ्या शिरेला एका आडव्या पुलाने जोडली गेली होती. सोबतीच्या दोन शिरांमध्ये असे पूल शिडीच्या पायऱ्यांसारखे जागोजागी असतात. नर्व्ह असे करत नाही. आठही काप पुसावे लागले. रक्त काढणाऱ्याची नस आणि 'दबलेली' नस यांचा घोटाळा मी आयुष्यभर इतरांना समजावून सांगत आलो होतो, आणि पडद्यावर स्वतःच त्यात पडलो.

चूक अशी ढळढळीत नसली, तरी नर्व्ह बारीक असल्यामुळे लहान फरक मोठा ठरतो. मीडियन नर्व्हच्या छेदाचे क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटर आहे असे धरू. ती गोल मानली, तर तिची त्रिज्या सुमारे १.८ मिलिमीटर येते. आता दोन माणसांनी तीच नर्व्ह आखली आणि एकाची कड दुसऱ्याच्या कडेपेक्षा सगळीकडून फक्त अर्धा मिलिमीटर, म्हणजे एकच चौकोन आत पडली, तर त्याची त्रिज्या १.३ च्या जवळ येते आणि क्षेत्रफळ उरते ५.२ चौरस मिलिमीटर. दोघांनीही प्रामाणिकपणे काम केले, दोघांच्या रेषा पडद्यावर जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या दिसतात, आणि तरीही एकाची नर्व्ह दुसऱ्याच्या निम्मी आहे. यकृत आखताना एका चौकोनाचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन आखण्या किती जुळतात ते मोजायला डाइस गुणांक वापरतात. तंतोतंत जुळल्या तर तो १ येतो. वरच्या उदाहरणात तो ०.६८ च्या आसपास येतो. म्हणून कोणी 'आमच्या पद्धतीचा डाइस ०.९५ आहे' असे सांगितले, तर तो यकृताचा आहे की नर्व्हचा, हे आधी विचारावे.

हे कंटाळवाणे काम आता बरेचसे संगणकाकडे गेले आहे. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून यू-नेट नावाची मज्जासंस्थेच्या धर्तीवरची गणिती जाळी पुढे आली. तिच्या पहिल्या प्रयोगांपैकी एकात शिकवणीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची केवळ ३० चित्रे होती. मूळ चित्र आणि माणसाने आखलेली कड अशा जोड्या तिला दाखवायच्या, म्हणजे नव्या चित्रावर ती स्वतः कड आखू लागते. वैद्यकीय प्रतिमांच्या क्षेत्रात आज तिचीच भावंडे सर्वत्र दिसतात. पण शिकवणाऱ्याला कड सगळीकडून थोडी आत धरायची सवय असेल, तर ती सवयही ही जाळी उचलते; आणि शिकवणारा आठ काप शिरेवर गेला असेल व कोणी टोकले नसेल, तर तेही ती निष्ठेने शिकते.

कड आखून झाली, की कापांची चळत मिळते. तिच्यावर पृष्ठभाग चढवण्यासाठी विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली मार्चिंग क्यूब्ज ही पद्धत अजूनही वापरात आहे. काप तीन-तीन मिलिमीटर अंतरावर असतील, तर तयार झालेली नर्व्ह जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्या पायऱ्या घासून गुळगुळीत कराव्या, तर बारीक नळी घासता घासता आणखी बारीक होते आणि कुठे कुठे तुटतेसुद्धा. म्हणून नर्व्हसाठी अनेक जण दुसरी वाट धरतात: आधी मधली रेषा काढायची, तिच्यावर जागोजागी जाडी नोंदवायची, आणि मग त्या रेषेभोवती नळी ओढायची. थ्रीडी स्लायसरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही बहुतेक कामे करता येतात.

आतापर्यंत दोरीचा बाह्य आकार मिळाला. आतले तंतू कोणत्या दिशेने धावतात, याचा सुगावा पाणी देते. ऊतीतले पाण्याचे रेणू सतत भटकत असतात. एमआरआयच्या एका मोजणीच्या काळात, म्हणजे सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात, रेणू केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर सरकतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याला मोकळी वाट असते, आडवे जाताना भिंती आडव्या येतात. वेगवेगळ्या दिशांनी, निदान सहा दिशांनी, ही भटकंती मोजली, की प्रत्येक ठोकळ्यात ती किती लांबट आहे ते कळते. मोकळ्या पाण्यात तिचा आकार चेंडूसारखा गोल, तर नर्व्हमध्ये खारकेसारखा लांबुळका. पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनी ल बिहान यांनी १९९४ मध्ये हे गणित मांडले. त्यानंतर काही वर्षांतच एका ठोकळ्यातल्या खारकेच्या टोकाकडून पुढच्या ठोकळ्यात शिरत शिरत रेषा ओढण्याचे तंत्र आले. त्याला ट्रॅक्टोग्राफी म्हणतात. मेंदूची ती रंगीबेरंगी, रेशमाच्या लडींसारखी चित्रे बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात, ती याच तंत्राची.

ही चित्रे इतकी देखणी असतात, की त्यातली प्रत्येक रेषा म्हणजे एक तंतू आहे असे वाटू लागते. तसे नाही. संध्याकाळी सात वाजता सीताबर्डीच्या व्हरायटी चौकाचा फोटो उंचावरून कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून काढला, तर गाड्या दिसणार नाहीत, फक्त उजेडाचे पट्टे दिसतील. चौकाच्या मध्यावर ते सगळे पट्टे एकमेकांत मिसळलेले असतील, आणि गाड्या सरळ ओलांडून गेल्या की तिथून वळल्या, हे त्या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही. मेंदूतल्या दोन मिलिमीटरच्या ठोकळ्यात तंतूंचे दोन समूह एकमेकांना ओलांडतात तेव्हा हेच होते. २०१५ मध्ये संशोधकांनी याची रीतसर परीक्षा घेतली. २५ ज्ञात तंतुपट्टे असलेल्या एका बनावट मेंदूच्या प्रतिमा २० गटांना दिल्या गेल्या आणि त्यांनी ९६ उत्तरे पाठवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की बहुतेक पद्धतींनी खरे पट्टे ९० टक्क्यांपर्यंत शोधले, पण त्याच उत्तरांमध्ये अस्तित्वात नसलेले पट्टे खऱ्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. हातापायांतल्या नर्व्हमध्ये तंतू बहुतांशी एकाच दिशेने जातात, त्यामुळे हा त्रास कमी असतो. तिथे अडचण येते ती नर्व्हच्या बारीकपणाची आणि रुग्णाच्या हालचालीची. कानाजवळच्या एका गाठीच्या शस्त्रक्रियेत मात्र या तंत्राकडे शल्यविशारद मोठ्या आशेने पाहतात. ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या नर्व्हवर वाढणारी ही गाठ शेजारच्या, चेहरा हलवणाऱ्या नर्व्हला इतकी ताणून चपटी करते, की साध्या प्रतिमेत ती दिसेनाशी होते. ती गाठीच्या पुढून गेली आहे की वरून, एवढे आधी कळले तरी चाकू कुठून न्यायचा ते ठरवायला मदत होते.

वेगवेगळ्या यंत्रांचे तुकडे एकत्र शिवायचे, तर सगळ्यांची मोजणी एकाच बिंदूपासून व्हायला हवी. आपल्या नागपुरातल्या झिरो माइलच्या स्तंभावर शहरांची अंतरे कोरलेली आहेत. ती अंतरे त्या दगडापासून मोजलेली आहेत, हे ठाऊक असल्यामुळेच त्या आकड्यांना अर्थ आहे. इथे अडचण अशी, की प्रत्येक स्कॅन आपला स्वतंत्र झिरो माइल घेऊन येतो. एमआरआय काढताना हात ताठ असतो, सोनोग्राफीत कोपर वाकवलेले असते आणि नर्व्ह वाकताना सरकते. सूक्ष्मदर्शकाखालचा काप तर रसायनांत मुरवून, सुकवून, मेणात बसवून कापलेला असतो, त्यामुळे तो मूळ आकारापेक्षा आक्रसलेला असतो. हाडाचा उंचवटा, धमनीला फाटा फुटण्याची जागा अशा ठळक खुणा धरून हे सगळे एकावर एक बसवावे लागते. अमेरिकेत १९९४ मध्ये व्हिजिबल ह्यूमन या प्रकल्पात एका पुरुषाच्या मृतदेहाचे एक-एक मिलिमीटरचे काप घेऊन छायाचित्रे खुली करण्यात आली आणि पुढच्या वर्षी एका स्त्रीदेहाचे त्याहून बारीक, ०.३३ मिलिमीटरचे. कितीतरी मॉडेलांचा सांगाडा या दोन देहांवरून बेतलेला आहे, हे ते वापरणाऱ्यांच्याही नेहमी लक्षात राहत नाही.

शेवटी या मॉडेलमध्ये वीज खेळवायची असते. तंतूतून संदेश कसा धावतो, याचे गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडले, तेही माणसाच्या नर्व्हवर नव्हे, तर स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अर्धा मिलिमीटरभर जाडीच्या तंतूवर प्रयोग करून. त्यातली आकडेमोड हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर केली होती. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. २००२ मध्ये मॅकिन्टायर, रिचर्डसन आणि ग्रिल यांनी सस्तन प्राण्यांच्या मायलिनयुक्त तंतूसाठी तपशीलवार मॉडेल दिले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने ॲसेंट नावाची खुली संगणकीय साखळी दिली, जिच्यात नर्व्हचा छेद टाकला, की इलेक्ट्रोडने दिलेला विद्युतप्रवाह कोणत्या तंतूला जागे करील ते काढता येते. याचा उपयोग समजायला मिरगीसाठीचे उपचार पाहावेत. मानेतल्या व्हेगस नर्व्हवर इलेक्ट्रोड बसवण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. तो घेणाऱ्या अनेकांचा आवाज प्रवाह चालू असताना घोगरा होतो, कारण स्वरयंत्राकडे जाणारे तंतू त्याच नर्व्हमधून जातात, ते जाड असतात, आणि बाहेरून दिलेल्या प्रवाहाने जाड तंतू आधी पेटतात. स्वरयंत्राचे तंतू कोणत्या बाजूच्या फाकेत आहेत ते कळले, तर इलेक्ट्रोडचे तोंड दुसरीकडे वळवता येईल, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आणि याच गणितात गोधडीचा सर्वांत नाजूक टाका आहे. फाकेवरचा पापुद्रा, म्हणजे पेरिन्यूरियम, विजेला जोरदार अडवतो. तो जरा जाड धरला, तर आतल्या तंतूला जागे करायला जास्त प्रवाह लागेल असे उत्तर येते. पातळ धरला तर कमी. पण जिवंत माणसाच्या कोणत्याही नेहमीच्या तपासणीत या पापुद्र्याची जाडी दिसत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या कापांवरून असा नियम लावतात, की त्याची जाडी फाकेच्या व्यासाच्या सुमारे ३ टक्के असते. नियम वाजवी आहे. पण मॉडेलच्या पडद्यावर तो पापुद्रा इतर भागांइतक्याच ठाम, चकचकीत रेषेने काढलेला असतो आणि मोजलेले कोणते व मानलेले कोणते याचा पत्ता लागत नाही.

आमच्या विदर्भात नर्व्हच्या आजाराचा विषय निघाला, की जुन्या माणसांना आधी कुष्ठरोग आठवतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. पुढे बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला या रोगाचा जिवाणू तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत शिरतो. हाताला जखम झाली तरी कळत नाही, ते मूळ दुखणे त्वचेचे नसून नर्व्हचे असते. डॉक्टर आजही कोपराच्या आतल्या बाजूला बोटे फिरवून अल्नर नर्व्ह जाड झाली आहे का ते चाचपतात. ही तीच नर्व्ह, जिथे कोपर आपटले की करंगळीपर्यंत करंट जातो. नर्व्ह कोपराच्या खाचेत दबून सुजते तेव्हा ती साधारण खाचेतच जाड होते. कुष्ठरोगात मात्र तिची जाडी अनेकदा खाचेच्या काही सेंटिमीटर वर सर्वाधिक असते. म्हणून एकाच जागी घेतलेले एक माप फसवू शकते, आणि लांबीभर जाडी दाखवणारे मॉडेल इथे खरोखर कामाचे ठरते.

असे मॉडेल कसे बनते ते पाहावे, म्हणून एका रविवारी रामदासपेठेतल्या एका डॉक्टर मित्राच्या यंत्रावर मी माझ्याच डाव्या हाताची सोनोग्राफी करून घेतली. जेल लावून प्रोब मनगटाकडून वर सरकवत आणला. खाचेजवळ हाडाच्या वळणावर त्वचा आणि प्रोब यांच्यात हवा शिरली आणि चित्र क्षणभर काळे झाले; पुन्हा जेल लावून त्याच जागेवरून पुढे गेलो, पण तीच जागा म्हणजे किती मिलिमीटर इकडेतिकडे, ते देव जाणे. घरी येऊन कड आखली, मधली रेषा काढली, नळी ओढली. मी मॉडेलला दोन रंग दिले: जिथे कड डोळ्यांनी दिसली तिथे नारिंगी, आणि जिथे दोन कापांमधून अंदाजाने ओढली तिथे राखाडी. दंडातला लांब पट्टा सलग नारिंगी आहे. कोपराच्या खाचेत, जिथे माझी नर्व्ह खरोखर केवढी आहे हे मला हवे होते, तिथे सुमारे सेंटिमीटरभर राखाडी आहे.